डायनॅमो ते अल्टरनेटर: जुन्या ट्रॅक्टरच्या तारांमधला इतिहास

१/८ वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. या जिल्ह्याहून वयाने मोठा असलेला एखादा ट्रॅक्टर तिथल्या शिवारात अजूनही दिसतो. त्याच्या तारा नीट पाहिल्या, तर तो इतिहासाचे साधन ठरतो.

२/८ १९६३ साली महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’ स्थापन केली. मुंबईच्या कांदिवलीत तयार झालेल्या ‘बी-२७५’ची मूळ रचना इंग्लंडमधली.

३/८ डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. जुना ट्रॅक्टर उतारावर ढकलूनही सुरू होई. वीज लागे ती सेल्फ स्टार्टरला आणि दिव्यांना, म्हणजे रात्रीच्या कामाला.

४/८ ही वीज डायनॅमो पुरवी. कार्बन ब्रश झिजत आणि इंजिन मंद चालले की वीज अपुरी पडे. बॅटरीतील वीज उलट डायनॅमोत जाऊ नये, म्हणून कटआउटची वेगळी पेटी असे.

५/८ १९६० साली अमेरिकेत क्रायस्लरच्या व्हॅलियंट मोटारीत अल्टरनेटर आला. तो प्रत्यावर्ती वीज निर्माण करतो आणि सिलिकॉन डायोड ती एकदिश करतात. इंजिन मंद असतानाही बॅटरी चार्ज होते. पुढे जुन्या ट्रॅक्टरांवरही तो बसू लागला.

६/८ मात्र एक अडचण होती. त्या काळच्या अनेक ब्रिटिश यंत्रांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. प्रचलित अल्टरनेटरला तिथे ऋण टोक लागते. जोडणी उलटी राहिली, तर डायोड क्षणात जळतात.

७/८ म्हणून मिस्त्री बॅटरीची टोके बदलतो, अॅमीटरच्या तारा उलटवतो आणि कटआउटची पेटी परिपथातून काढतो. जुन्या, वाइंडिंगच्या स्टार्टरला हात लावावा लागत नाही. ध्रुव उलटले तरी तो त्याच दिशेने फिरतो.

८/८ कंपनीच्या पुस्तिकेत यंत्राचा जन्म नोंदलेला असतो; त्याचे पुढचे आयुष्य गावोगावच्या मिस्त्रींनी घडवले आणि ते कुठेही लिहिलेले नाही. ‘मूळ रूप’ परत आणण्याच्या हौसेने हे बदल पुसले, तर त्या कारागिरांचा एकमेव पुरावा जातो. तारा बदलायच्याच असतील, तर आधी छायाचित्र घ्या, वर्ष लिहा आणि काढलेला डायनॅमो भंगारात देऊ नका.