वस्ताद, पट्टा आणि कोलांटउडी

समजा, मुलांसाठी एक साहसकथा लिहायची आहे. काळ पेशवाई बुडाल्यानंतरचा, गाव सातारा-सांगलीकडचं, नायिका मांगवाड्यातली दहा-अकरा वर्षांची पोर. तिला शस्त्रं चालवायला शिकायचंय. पहिल्याच पानावर शब्द आडवे येतात. या विद्येला आपल्याकडे नाव आहे ‘मर्दानी खेळ’, आणि फारसीत ‘मर्द’ म्हणजे पुरुष. पोरीनं काठी उचलायच्या आधीच खेळाच्या नावानं तिला बाहेर बसवलं.

गंमत म्हणजे या विद्येचे निम्मेअधिक शब्द स्वतःच परगावचे. ‘वस्ताद’ हा फारसी ‘उस्ताद’. ‘कुस्ती’, ‘पैलवान’, ‘लेझीम’ हेही तिकडचेच. इराणात लेझीम म्हणजे दोरीऐवजी साखळी लावलेलं, ताकद कमावायचं धनुष्य. ‘जोर’ फारसी आणि त्याची जोडीदारीण ‘बैठक’ इथली. लाल मातीचा ‘हौद’ अरबी. मूळ अर्थ पाण्याचं टाकं. फौजांबरोबर आलेले हे शब्द वेशीतून सरळ आत शिरले, पाटलाच्या वाड्यापर्यंत गेले. जात कुणी विचारली नाही. पोर मात्र त्याच मातीतली असून वेशीबाहेर.

‘तालीम’ या शब्दाचा प्रवास सगळ्यांत मजेदार. ‘इल्म’ म्हणजे ज्ञान, त्याच धातूवरून अरबी ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. उत्तरेत आजही तालीम घेणं म्हणजे शिकणं. आपण तिला लंगोट नेसवला. नाटकाच्या तालमीत आणि ‘अमक्याच्या तालमीत तयार झालेला’ या बोलण्यात तेवढा जुना अर्थ टिकून आहे.

कथेच्याच मुलखातलं, खटाव तालुक्यातलं कटगुण हे जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं मूळ गाव. आपण दांडपट्टा आणि निशाणबाजी लहुजींकडे शिकलो, हे त्यांनी ‘गुलामगिरी’त (1873) नोंदवलंय. लहुजी साळवे मांग समाजातले. ‘वस्ताद’ ही फारसी पदवी त्यांच्या नावाचाच भाग झाली. फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत मुक्ता नावाची मांग मुलगी शिकत होती. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. माळ्याचा मुलगा मांगाच्या आखाड्यात, मांगाची मुलगी माळ्याच्या शाळेत. तालीम दोघांनी घेतली. त्यानं मराठी अर्थानं, तिनं अरबी.

आता पट्टा. कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ आणि पुढं लांब, लवचीक पातं. बायकांच्या हाती हे हत्यार देताना मराठीनं ते तोंडात दिलं: ‘तिच्या तोंडाचा पट्टा सुटला.’ वस्तादाचंही तेच. ‘तो वस्ताद आहे’ याचे दोन अर्थ होतात, ‘ती भारी वस्ताद आहे’ याचा एकच, आणि तो शिकवण्याशी संबंधित नाही. ‘पैलवान’ला स्त्रीलिंगी रूप आपण केलंच नाही. हेलसिंकीत 1952 साली कांस्य जिंकणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव नुसते पैलवान. मार्च 2023 मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीतच झाली, ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं मारली, तर ती ‘महिला महाराष्ट्र केसरी’. माझ्या मते, मातीत उतरल्यावर ‘महिला’ हे विशेषण नुसतं अंगाला चिकटतं.

तर कथेतली पोर पहिल्या दिवशी काय करून दाखवेल? दांडपट्टा नाही, तो तिला शिकायचाय. ती कोलांटउडी मारेल. हा शब्द कोल्हाटी या जमातीच्या नावावरून आला असं मानतात. दोरावर चालणारे, उड्या मारणारे हे लोक. त्यांच्या मुली लहानपणापासून अंग वळवायला शिकत. गावोगाव फिरणारं असं एखादं कोल्हाटी कुटुंब मुक्कामाला वेशीबाहेरच उतरणार. पोर त्यांच्याकडूनच ही उडी उचलेल, आणि वस्तादापुढं मारताना तिला त्याचा एकही शब्द लागणार नाही.