बुऱ्हाणपूरचा शाही किल्ला पाहायला जायचंय? एका दिवसाचं नियोजन असं करा

बुऱ्हाणपूर : जळगाव, बुलढाणा, अकोला या भागांतून ताजमहाल पाहायला आग्र्याला जाणारे पुष्कळ. पण ज्या मुमताज महलसाठी ताज बांधला, तिचा मृत्यू जिथे झाला ते गाव आपल्या हद्दीला लागूनच आहे. तापीच्या उत्तर काठावरचा शाही किल्ला म्हणजे आधी फारुकी सुलतानांचा आणि नंतर मोगलांचा राजवाडा. आग्रा-दिल्लीसारखा सजवलेला, पूर्ण उभा महाल डोक्यात ठेवून इथे आलं तर निराशा होते. बराच भाग पडला आहे. त्यामुळे काय कुठे होतं हे थोडं वाचून यावं, म्हणजे उरलेल्या भिंतीही बोलायला लागतात.

थोडक्यात इतिहास

खानदेशच्या फारुकी घराण्यातल्या नसीर खानाने 15 व्या शतकाच्या सुरुवातीला हे शहर वसवलं. खुलताबादला ज्यांचा दर्गा आहे त्या बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्यावरून त्याला बुऱ्हाणपूर नाव पडलं. समोरच्या काठावरचं जैनाबाद हे जैनुद्दीन यांच्या नावाचं. 1601 मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला आणि खानदेश मोगलांचा झाला. त्यानंतर दख्खनच्या स्वाऱ्यांचं मुख्य ठाणं हेच शहर होतं. इंग्रज वकील सर थॉमस रो 1615 मध्ये इथेच शहजादा परवेझला भेटला.

शहाजहान दख्खनच्या मोहिमेसाठी इथे मुक्कामाला असताना 17 जून 1631 रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताजचा मृत्यू झाला. तिला नदीपलीकडे जैनाबादच्या आहुखाना बागेत दफन केलं आणि डिसेंबरमध्ये पार्थिव आग्र्याला नेलं. त्याच सुमारास गुजरात, खानदेश आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता. सुरतेहून बुऱ्हाणपूरला आलेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने वाटेतली उपासमार लिहून ठेवली आहे. राजवाड्यातला शोक आणि तटाबाहेरची भूक, दोन्ही एकाच काळातले. गाईडच्या गोष्टीत पहिलाच भाग जास्त येतो.

मराठ्यांचाही या शहराशी जुना संबंध. 1681 च्या सुरुवातीला संभाजी महाराजांच्या फौजेने बुऱ्हाणपूरचा बहादूरपुरा लुटला आणि उदगीरच्या लढाईनंतर 1760 मध्ये शहर निजामाकडून मराठ्यांकडे आलं.

पोहोचायचं कसं

बुऱ्हाणपूर स्टेशन मध्य रेल्वेच्या भुसावळ-खंडवा मार्गावर आहे. भुसावळ, रावेरकडून रेल्वे सोयीची. मात्र सगळ्या एक्स्प्रेस इथे थांबत नाहीत, थांबा आधी बघून घ्या. स्टेशन लालबाग भागात, शहरापासून थोडं लांब आहे. तिथून रिक्षा करावी लागते. रस्त्याने यायचं तर मुक्ताईनगर-इच्छापूर मार्ग किंवा रावेरमार्गे येता येतं. परतीची बस मध्य प्रदेशची की महाराष्ट्राची, शेवटची किती वाजता, हे उतरल्यावर लगेच स्टँडवर विचारून ठेवा.

किल्ल्यात काय पाहायचं

सकाळी उघडल्याबरोबर जा. ऊन कमी असतं आणि गर्दीही. दीड-दोन तास पुरतात. सगळ्यात आधी हमाम गाठा. गरम-थंड पाण्याची सोय असलेलं हे शाही स्नानगृह किल्ल्यातली सगळ्यात टिकलेली जागा. छतावरच्या गिलाव्यावर रंगीत वेलबुट्टी अजून दिसते. इथे घाई करू नका. अंधाराला डोळे सरावले की नक्षी उलगडत जाते. ताजची कल्पना इथल्या एका चित्रावरून सुचली, असं सांगितलं जातं. ते ऐकावं, पण दंतकथा म्हणून.

मग दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खासच्या अवशेषांकडून नदीच्या बाजूला या. खाली तापी, पलीकडे जैनाबाद. राजवाडा इथेच का बांधला, हे या जागी उभं राहिल्यावर कळतं : पाणी, वारा आणि नदी ओलांडून येणाऱ्यावर नजर, तिन्ही एका जागी. शेजारच्या राजघाटावरून किल्ल्याची नदीकडची भिंत खालून बघता येते.

उरलेला दिवस

किल्ल्यानंतर शहरातली जामा मशीद बघा. राजा अली खान फारुकीने 16 व्या शतकाच्या शेवटी बांधलेल्या या मशिदीत अरबीसोबत संस्कृत शिलालेख आहे. नमाजाची वेळ टाळा. दुपारी लालबागकडचा कुंडी भंडारा करा. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात सातपुड्याकडून झिरपणारं पाणी भुयारातून, नुसत्या उतारावर, शहराकडे आणलं. युनेस्कोच्या संभाव्य यादीत 2024 मध्ये त्याचा समावेश झाला. खाली उतरायची लिफ्ट चालू आहे का, ते तिथे जाण्याआधी विचारा. संध्याकाळी पलीकडचं आहुखाना; उजेड असतानाच जा.

‘काळा ताजमहाल’ म्हणून दाखवतात ती इमारत शहाजहानची नव्हे. ती खानखानाचा मुलगा शाहनवाज खान याची कबर आहे. असीरगड शहरापासून साधारण 20 किलोमीटर. चढण आहे, त्याला वेगळा दिवस ठेवा.

हे लक्षात ठेवा

• नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. पावसाळ्यात तापीला पूर असेल तर घाटावर उतरू नका.
• पिण्याचं पाणी, टोपी, टॉर्च आणि सुटे पैसे जवळ असू द्या.
• भिंतींच्या कडेला कठडा नसेल तिथे मुलांचा हात सोडू नका.
• हमामच्या भिंतींना हात लावू नका, फ्लॅश मारू नका. नावं कोरणाऱ्यांनी आधीच बरंच नुकसान केलंय. गेलेला रंग परत येत नाही.
• गाईडचे पैसे आधी ठरवा. हिंदी, मराठी दोन्ही चालतं.
• निघताना गरम मावा जलेबी खा, दराबा बांधून घ्या.