समुद्राखालच्या यंत्रांचा ताफा एकत्र काम कसा करतो?

आत माणूस नाही, जहाजाला जोडलेली केबल नाही, तरी पाण्याखाली स्वतःची वाट स्वतः धरणाऱ्या छोट्या पाणबुडीला ‘एयूव्ही’ म्हणतात. गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ‘माया’ नावाची अशीच एक एयूव्ही बनवली आहे.

एक पुरत नाही का?
नाही. समुद्र सतत बदलतो. एकच यंत्र या टोकाहून त्या टोकाला जाईपर्यंत पहिल्या टोकाचं पाणी बदललेलं असतं. म्हणून एकाच वेळी अनेक यंत्रं सोडावी लागतात.

अडचण कुठे येते?
खाऱ्या पाण्यात रेडिओ लहरी टिकत नाहीत, त्यामुळे मोबाईल, जीपीएस सगळं बंद. उरतो तो आवाज. पाण्यात तो सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. म्हणजे ३ किलोमीटरवरच्या यंत्राला निरोप मिळायला २ सेकंद लागतात, आणि निरोपही अगदी छोटाच पाठवता येतो.

मग मेळ कसा घालतात?
कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात २००६ साली याचा मोठा प्रयोग झाला. त्यात पंखा नसलेले, आपली तरणशक्ती कमी-जास्त करत वर-खाली सरकणारे ‘ग्लायडर’ वापरले. ग्लायडरचा वेग ताशी जेमतेम एक किलोमीटर. जोराचा प्रवाह आला की तो वाहवत जातो. दोन ग्लायडर जवळ आले तर दोघंही तेच पाणी मोजत बसतात आणि बॅटरी फुकट जाते. उपाय असा केला: ठराविक वेळाने वर यायचं, उपग्रहामार्फत आपली जागा कळवायची. किनाऱ्यावरचा संगणक सगळ्यांचं अंतर तपासून पुढची वाट आखून द्यायचा. सहा ग्लायडर असे सलग २४ दिवस चालवले गेले.

आपल्याशी संबंध काय?
२०१६ च्या जून-जुलैमध्ये ‘बॉबल’ या भारत-ब्रिटन मोहिमेत गोव्याच्या याच संस्थेच्या ‘सिंधू साधना’ जहाजाने दक्षिण बंगालच्या उपसागरात शोधकार्य केलं. सोबत पाच ग्लायडर होते. पाण्याचं तापमान आणि खारेपणा मोजून मान्सूनचा अंदाज सुधारावा, हा हेतू होता. पेरणी बेळगावात असो की इंदूरकडे, शेतकरी पावसाच्या अंदाजाकडेच डोळे लावून असतो. त्या अंदाजाची सुरुवात अशी खोल पाण्यात होते.