हळदीच्या गाण्याखाली नाव कुणाचं?

(या भागाचं लिखित रूप)

बऱ्याच जणांनी विचारलं होतं, आगरी-कोळी गाण्यांत सध्या ऐकण्यासारखं काय आहे? यादी देतोच, पण ती थोडी मागून सुरू करू या.

मी थळचा, अलिबाग तालुक्यातला. समोर खांदेरी-उंदेरी, घरामागे कोळीवाडा. आमच्याकडे हळदीला बेंजो नाहीतर डीजे लागतोच. पण माझ्या आजीच्या काळात लग्न लागायचं ते धवलारणीच्या गळ्यावर. मांडव घातला, हळद लागली, देवक बसलं, की प्रत्येक विधीचं वेगळं गाणं. त्यालाच धवला म्हणतात. कित्येक घरांत भटजीचं काम हीच बाई करायची. माझी आजी धवलारीण होती.

आता रेकॉर्डवर या. ‘मी डोलकर’ आणि ‘वल्हव रे नाखवा’ तुम्हाला पाठ असतील. शब्द शांता शेळके यांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आवाज लतादीदी आणि हेमंतकुमार यांचा. शांताबाई देशावरच्या, हेमंतकुमार तर बंगाली! १९७६ च्या ‘हा खेळ सावल्यांचा’मध्येही ‘गोमू संगतीनं’ला आशाताईंबरोबर पुन्हा हेमंतकुमारच. ही गाणी सुंदरच आहेत. पण कोळीवाड्याबाहेरच्या माणसांनी कोळ्यांवर केलेली ती गाणी आहेत, हे लक्षात ठेवून ऐका.

मग ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. तोवर रेकॉर्ड काढायची म्हणजे एचएमव्हीसारख्या मोठ्या कंपनीचं दार ठोठवायचं. आता छोट्या कंपन्या निघाल्या आणि गल्लीतला गायकही टेपवर आला. वर्सोव्याच्या ‘वेसावकर आणि मंडळी’ने ‘वेसावची पारू’ घराघरांत पोचवली. कोळीवाडा स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या गळ्याने गायला लागला. माझ्या मते खरी क्रांती ती.

त्याच काळातली आमच्या घरातली गोष्ट. मी तेव्हा शाळेत होतो. मामाने अलिबाग स्टँडवरून एक कॅसेट आणली. लावली, तर सुरुवातीलाच आजीचा आवाज! कुणीतरी लग्नात टेप करून नेला होता. कव्हरवर गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव. आजीच्या तुकड्यापुढे फक्त ‘पारंपरिक’. मामा भडकला. आजी शांतपणे सुपारी कातरत म्हणाली, “गाना माजा नाय रं, माजे आयशीचा.”

कायदा यावर काय म्हणतो? पारंपरिक गाण्यावर एकट्या कुणाची मालकी नसते, हे खरं. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली आणि कलावंताच्या सादरीकरणाचा वेगळा हक्क आला. आधी तो २५ वर्षांचा होता, १९९९ ला ५० वर्षांचा झाला. म्हणजे गाणं सगळ्यांचं असलं तरी गाणाऱ्या बाईचा गळा तिचाच. आमच्या घरात हे कुणाला ठाऊक होतं?

आता नवी यादी. रजनीश पटेल आणि शुभांगी केदार यांचं ‘गोव्याच्या किनाऱ्याव’ ऐका. प्रशांत नाकतींच्या संगीतातलं, केवल वाळंज आणि सोनाली सोनवणे यांचं ‘माझी बाय गो’ ऐका. ही पोरं यूट्यूबवर मोठी झाली. तिकडे जळगावच्या संजू राठोडच्या ‘गुलाबी साडी’ने २०२४ मध्ये दाखवलं की मराठी पॉप महाराष्ट्राबाहेरही वाजतं. आणि यूट्यूबवर व्हिडिओखाली नावं लिहायला हवी तेवढी जागा असते. गीत, संगीत, ताल, कॅमेरा, मेकअप, सगळ्यांची नावं येतात. तरीही जुनी चाल घेतली की तिथे अजून ‘पारंपरिक’ एवढंच.

मला नव्या पोरांशी भांडायचं नाही. चाल वाजली तरच जगते. आजीची चाल डीजेवर वाजली तर मीही नाचेन. एवढंच म्हणणं आहे की ‘पारंपरिक’च्या पुढे अजून एक ओळ लिहा: कुणाकडून ऐकलं, कुठल्या गावात.

आजी जायच्या आदल्या वर्षी मी मोबाईलवर तिचे अकरा धवले रेकॉर्ड केले. प्रत्येकाआधी विचारलं, “हे कुणाकडून शिकलीस?” कधी आत्याचं, कधी शेजारणीचं नाव निघालं. आयशीचं निघालं तेव्हा कळलं, की माझ्या पणजीचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं. गाणं मात्र सगळ्यांना येत होतं.

तुमच्या गावात धवलारीण असेल तर या सुट्टीत जाऊन बसा. आधी परवानगी घ्या, मग रेकॉर्ड करा, आणि फाईलला नाव द्या. भेटू पुढच्या भागात.