निवृत्तीनंतरची खिदमत : के. एफ. रुस्तमजी

कायद्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला हुसैनारा खातून हे नाव ठाऊक नसेल असे सहसा होत नाही. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयात चाललेल्या एका खटल्याला बिहारमधील या कैदी स्त्रीचे नाव मिळाले आणि त्या खटल्याने हजारो गोरगरिबांच्या कोठड्यांची दारे उघडली. परंतु त्या दारावर पहिली थाप कोणी मारली, हे फारसे कोणाला आठवत नाही. ते गृहस्थ वकील नव्हते, पुढारीही नव्हते. ते होते एक निवृत्त पोलीस अधिकारी. सारी हयात गुन्हेगारांना तुरुंगात धाडणाऱ्या खात्यात घालवून उतारवयात ते स्वतः तुरुंगात गेले, ते आतल्यांची विचारपूस करायला! खुस्रो फरामुर्झ रुस्तमजी हे त्यांचे नाव. आणि ते आपल्याच विदर्भातले.

नागपूरजवळच्या कामठी येथे २२ मे १९१६ रोजी एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कन्हान नदीकाठचे कामठी म्हणजे इंग्रजांनी वसविलेली लष्करी छावणी आणि शेजारी विणकरांची वस्ती. बंदूक आणि हातमाग एकाच गावात नांदत होते. १९३८ साली रुस्तमजी मध्यप्रांत-वऱ्हाडात पोलीस सेवेत रुजू झाले. १९५२ ते १९५८ या काळात पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांच्यावर होती. पुढे १९५८ ते १९६५ पर्यंत ते मध्य प्रदेशाचे पोलीसप्रमुख होते.

तो चंबळच्या दरोडेखोरांचा काळ होता. ज्याच्या नावाने पुढे एका गाजलेल्या चित्रपटातील खलनायक घराघरांत पोहोचला, तो खराखुरा गब्बरसिंग १९५९ च्या नोव्हेंबरात पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला गेला, तो रुस्तमजींच्याच कारकिर्दीत. दुसऱ्याच वर्षी विनोबाजी चंबळच्या खोऱ्यात गेले आणि काही दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. साऱ्या देशाने त्याचे कौतुक केले. रुस्तमजींनी मात्र उघड मतभेद नोंदविला. पोलिसांच्या मनोधैर्यावर याचा विपरीत परिणाम होईल, अशी त्यांची भूमिका होती. विनोबांसारख्या संतपुरुषाशी जाहीर मतभेद दाखविणे सोपे नव्हते. पण कायद्याचे काम कायद्यानेच व्हावे, याबाबत हा अधिकारी तडजोड करणारा नव्हता. त्यांची ही बाजू येथे मुद्दाम सांगितली. कारण पुढच्या हकीकतीचा अर्थ तिच्यावाचून नीट उमगत नाही.

१ डिसेंबर १९६५ रोजी सीमा सुरक्षा दलाची स्थापना झाली आणि त्याचे पहिले प्रमुख म्हणून रुस्तमजींची नेमणूक झाली. १९७१ च्या युद्धात या दलाने सीमेवर लढत दिली, मुक्तिवाहिनीलाही साहाय्य केले. १९७४ पर्यंत त्यांनी हे दल वाढविले. त्यानंतर गृहमंत्रालयात विशेष सचिव असताना त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने किनाऱ्याच्या रक्षणासाठी वेगळे दल असावे अशी शिफारस केली. त्यातूनच आजचे तटरक्षक दल उभे राहिले. १९७६ साली ते निवृत्त झाले. मानमरातब मिळाला होता, वयाची साठी उलटली होती. दुसरा कोणी असता तर बागेतल्या खुर्चीवर बसून जुन्या आठवणी सांगत राहिला असता.

नोव्हेंबर १९७७ मध्ये सरकारने धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. रुस्तमजी त्याचे सदस्य झाले. आयोगाच्या कामानिमित्त बिहारमध्ये फिरताना त्यांनी तेथील तुरुंग पाहिले. आत त्यांना जे दिसले त्याने हा कसलेला पोलीस अधिकारीही हादरून गेला. शिक्षा झालेल्यांपेक्षा ज्यांचा खटलाच उभा राहिलेला नाही असे कच्चे कैदी तेथे खच्चून भरले होते. कोणी पाच वर्षे, कोणी सात, कोणी नऊ, तर काही दहा वर्षांहूनही अधिक काळ आत होते. ज्या गुन्ह्याचा आरोप होता तो शाबीत झाला असता तरी त्यांतील कित्येकांना एवढी शिक्षा झाली नसती. काही स्त्रिया तर आरोपी नव्हत्याच. केवळ ‘संरक्षणासाठी’ म्हणून त्यांना तुरुंगात ठेवले होते.

हे का घडले? उत्तर साधे आहे. जामिनाला पैसा लागतो आणि जामीनदार लागतो. गरिबाजवळ दोन्ही नसते. वकील देण्याची ऐपत नसते. तारखेला न्यायालयात कोणी नेत नाही, आणि घरच्यांना कोणाचे दार ठोठवावे हेही कळत नाही. अज्ञान आणि दारिद्र्य यांनी मिळून घातलेले हे कुलूप होते. त्याची किल्ली सरकारजवळ होती, परंतु ती कोठे ठेवली याचे सरकारला विस्मरण झाले होते.

रुस्तमजी अहवालात चार ओळी लिहून थांबले असते तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. त्यांनी लेखणी उचलली. ८ आणि ९ जानेवारी १९७९ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये त्यांचे लेख प्रसिद्ध झाले. ते वाचून दिल्लीतील वकील कपिला हिंगोरानी अस्वस्थ झाल्या. कैद्यांचे वकीलपत्र त्यांच्याजवळ नव्हते, कैद्यांशी नाते नव्हते. वृत्तपत्रातील मजकुराच्या आधारे त्यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. पाटणा, मुजफ्फरपूर आणि रांचीच्या तुरुंगांतील कैद्यांची बाजू अशा रीतीने प्रथमच न्यायासनापुढे आली. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या पीठाने १२ फेब्रुवारी १९७९ पासून एकामागून एक आदेश दिले. खटला विनाविलंब चालणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीवित व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. ज्याला वकील परवडत नाही त्याला तो देणे हे राज्याचे कर्तव्य आहे. ज्याची समाजात मुळे रुजलेली आहेत त्याला पैशाच्या जामिनाविना जातमुचलक्यावरही सोडता येते. ही तत्त्वे तेव्हा मांडली गेली. त्यानंतर देशभर सुमारे ४०,००० कच्चे कैदी सुटल्याचे सांगितले जाते. आज जिला आपण जनहित याचिका म्हणतो तिची वाट या प्रकरणाने रुळविली.

दरोडेखोरांना कायद्यातून सवलत नको म्हणणारे रुस्तमजी आणि कैद्यांसाठी लेखणी उचलणारे रुस्तमजी ही दोन माणसे नव्हेत. कायद्यातून दरोडेखोराला सूट नाही, तशी सरकारलाही नाही, हीच त्यांची धारणा असावी. ज्या व्यवस्थेत आपण ३८ वर्षे काढली तिच्याच हिशेबातील चूक जाहीरपणे दाखविणे, ही माझ्या मते त्यांची सर्वांत मोठी खिदमत. १९९१ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. मार्च २००३ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

वाचकहो, ही कहाणी येथे संपली असती तर बरे झाले असते. परंतु सरकारी आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे होते. म्हणजे दर चारांमागे तीन! कायदे सुधारले आहेत. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून अमलात आहे. स्त्रिया, मुले आणि कोठडीतील व्यक्ती यांना त्याखाली उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत, काही गंभीर गुन्हे वगळता, कमाल शिक्षेचा निम्मा काळ आत काढलेल्याला, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एकतृतीयांश काळ काढलेल्याला, सोडण्याची तरतूद आहे. पण ज्याला हे ठाऊकच नाही त्याला त्याचा काय उपयोग?

येथेच शिक्षणाचा संबंध येतो. आपल्या मोहल्ल्यातील एखादी आई मुलाच्या जामिनासाठी दागिने मोडायला निघते, तेव्हा तिला जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या खोलीपर्यंत घेऊन जाईल असा एक तरी शिकलेला मुलगा वा मुलगी त्या गल्लीत असावी. आपल्या निवृत्त शिक्षकांनी, कारकुनांनी, पोलिसांनी, जवानांनीही आठवड्यातून एखादी दुपार यासाठी द्यावी. अर्ज लिहून द्यावा, तारीख समजावून सांगावी, सोबत जावे. रुस्तमजींनी निवृत्तीनंतर जे केले त्यास हुद्दा लागला नव्हता; जे दिसले ते पाहिले आणि लिहिले, इतकेच. तेवढे तर आपल्यापैकी पुष्कळांना जमण्यासारखे आहे.