भाड्याचे यंत्र आणि मालाची मालकी : जिनिंग-प्रेसपासून क्लाऊडपर्यंत (शेगावच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
यंत्र विकत न घेता त्याची सेवा हवी तेवढी मिळावी, ही व्यापारी जगाची जुनी गरज आहे. क्लाऊड कॉम्प्युटिंग अर्थात मेघ-संगणन हे या गरजेचे आजचे रूप होय. दूरच्या डेटा सेंटरमधील संगणकशक्ती, साठवण व सॉफ्टवेअर इंटरनेटद्वारे वापरणे आणि वापराप्रमाणे मोबदला देणे, असे तिचे स्थूल स्वरूप सांगता येईल. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे व्यवसायासाठी असणारे लाभ व धोके यांचा विचार शेगाव परिसरातील कापूस-व्यापाराच्या इतिहासाच्या आधारे केला आहे.

जिनिंग-प्रेसचा अनुभव :
१८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. या मार्गावरील शेगाव व शेजारचे खामगाव येथील कापसाच्या व्यापारास त्यामुळे चालना मिळाली. पुढे सरकी वेगळी करणे व रुईच्या गाठी बांधणे ही कामे यंत्रांवर होऊ लागली. प्रत्येक व्यापाऱ्यास कारखाना उभारणे शक्य नव्हते. तो आपला कापूस कारखान्यात नेई व कामाचा दर देई. भांडवल वाचले आणि खर्च हंगामापुरता राहिला.

परंतु माल दुसऱ्याच्या आवारात गेला की त्यावरील नियंत्रणही सैल होते. वऱ्हाडात कारखानदारांनी 'पूल' करून दर ठरविल्याची उदाहरणे घडली. रुईत भेसळ करणे, ती ओली करून वजन वाढविणे अशा तक्रारीही होत्या. अखेर १९२५ च्या कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखाने कायद्याने नोंदवह्या ठेवणे आणि गाठीवर कारखान्याची खूण व क्रमांक घालणे आवश्यक ठरविले. गाठ कोणाच्या कारखान्यातून निघाली, हे त्यामुळे शोधता येऊ लागले.

भाड्याचा संगणक :
संगणकाच्या क्षेत्रातही हाच क्रम दिसतो. १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बसविलेल्या सीडीसी ३६०० या संगणकाचा लाभ देशातील अनेक संस्थांनी घेतला. आयबीएम कंपनी आपली यंत्रे भारतीय ग्राहकांना भाड्याने देत असे. परकीय भागभांडवलाविषयीच्या अटी मान्य न झाल्याने तिने १९७८ मध्ये भारतातील कारभार आवरला आणि तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या शासकीय कंपनीकडे आली. सेवा पुरविणारा निघून गेल्यास काय, हा प्रश्न तेव्हाच पुढे आला होता. ॲमेझॉनने २००६ मध्ये साठवण व संगणकशक्ती भाड्याने देण्यास प्रारंभ केला आणि २०१६ मध्ये मुंबई परिसरात आपली केंद्रे सुरू केली.

लाभ :
शेगावसारख्या तीर्थक्षेत्री या पद्धतीची उपयुक्तता सहज लक्षात येते. श्री गजानन महाराजांचा प्रकटदिन, रामनवमी व ऋषिपंचमी या दिवसांत गर्दी अनेक पटींनी वाढते. निवासगृहाच्या आरक्षणव्यवस्थेस त्या काळात अधिक क्षमता घेता येते व एरवी ती कमी करता येते. दुकानातील संगणक बिघडला, तरी दूरच्या केंद्रातील हिशेब सुरक्षित राहू शकतो. सुरक्षाविषयक सुधारणांचा मोठा भार सेवा पुरविणारी कंपनी उचलते.

धोके :
सेवा एकवटली की संकटही एकवटते. जुलै २०२४ मध्ये सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला. एकाच ठिकाणचा बिघाड असूनही तिच्या सेवेवर अवलंबून असलेल्या सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार विस्कळीत झाले. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातील तेल कंपनीची सेवा थांबविली. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली व काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. सेवेचे पैसे भरलेले असूनही ती दूरच्या निर्णयाने थांबू शकते, हे यातून दिसले.

तिसरा धोका जबाबदारीचा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार माहितीवरील प्रक्रिया दुसऱ्या कंपनीकडे सोपविली, तरी ज्याने ती माहिती आपल्या कामासाठी गोळा केली, त्याचे उत्तरदायित्व संपत नाही. त्यामुळे यात्रेकरूंची ओळखपत्रे साठविणाऱ्या निवासगृहचालकास 'माहिती क्लाऊडवर होती' एवढे म्हणून मोकळे होता येणार नाही.

निष्कर्ष :
लहान व्यावसायिकाने क्लाऊड नाकारणे व्यवहार्य नाही, जसे एके काळी जिनिंग-प्रेस नाकारणे नव्हते. मात्र भाडे ठरविताना अटीही ठरवाव्यात. महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत स्वतःजवळ असावी, सेवा सोडताना माहिती परत मिळण्याची लेखी हमी असावी आणि माहिती कोणी, केव्हा उघडली याची नोंद उपलब्ध असावी. गाठीवरील क्रमांकामागे जो विचार होता, तोच येथेही लागू पडतो. यंत्र दुसऱ्याचे असले, तरी माल आपला आहे आणि त्याचा जाबही आपल्यालाच द्यावयाचा आहे.