नागपूरचें ऑल सेंट्स कॅथीड्रल

सदर भागांतील ऑल सेंट्स कॅथीड्रलवरून मी कित्येक वर्षें जात-येत आहें. पण आंत पाऊल टाकण्याचें कारण कधीं पडलें नाहीं. शहरांतील बहुतेक मराठी कुटुंबांची गोष्ट अशीच असावी. हें देवालय नागपूरच्या संरक्षित वारसा-वास्तूंत गणलें जातें, असें वर्गांत बोलण्याच्या ओघांत मीं सांगितलें, तेव्हां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "इंग्रज गेले, मग साहेबांचें देऊळ आपण कां जपावें?" प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, आणि मला त्याचें उत्तर तत्काळ सुचलें नाहीं. पुढें सनावळ्या पाहिल्या, तेव्हां त्या प्रश्नांतील गृहीतच तपासावें लागेल असें वाटलें.

हें चर्च १८५१ सालचें. त्या सालीं नागपूर इंग्रजांचें नव्हतें. निदान कागदोपत्रीं तरी नव्हतें. गादीवर तिसरे रघूजी भोसले होते. १८१७ च्या नोव्हेंबरांत सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली, त्यानंतर खरी सत्ता रेसिडेंटच्या हातीं गेली आणि लवकरच कामठीस छावणी बसली. तरी शिक्का भोसल्यांचाच चालत होता. परक्या राजाच्या राज्यांत राहणाऱ्या साहेबलोकांनीं आपल्या रविवारच्या उपासनेसाठीं बांधलेलें हें लहानसें मंदिर. पण पाहुण्यानें दगडी भिंती उभ्या केल्या, म्हणजे त्याचा परत जाण्याचा बेत नाहीं, हें यजमानानें ओळखावें. ११ डिसेंबर १८५३ रोजीं रघूजी निपुत्रिक वारले. १८५४ सालीं डलहौसीनें राज्य खालसा केलें. भोसल्यांचे हत्ती, घोडे आणि बैल सीताबर्डीस लिलावांत कवडीमोलानें गेले. राणी बांकाबाईंनीं केलेल्या तक्रारींस कोणी दाद दिली नाहीं. चर्चची इमारत तेव्हां तीन वर्षांची होती.

तिचा आराखडा करणारा रिचर्ड सँकी हा मद्रास इंजिनियर्समधील तरुण अधिकारी. जन्म १८२९ चा, म्हणजे त्या वेळीं अवघा बाविशीचा. कामांतून सवड काढून तो नागपूर-कामठीच्या आसपास दगडांत जतन झालेले जीवावशेष गोळा करी. पुढें म्हैसूर संस्थानांत त्यानें नांव मिळविलें. बंगळूरचें आजचें उच्च न्यायालय ज्या अठरा कचेरींत आहे ती त्याचीच, आणि तेथील एक तलाव अद्याप त्याच्या नांवानें ओळखला जातो. नागपूर मात्र त्याला विसरलें.

१८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर राजधानी झालें. साहेबांची वस्ती वाढली. १८७९ सालीं जी. एफ. बॉडली ह्या नामांकित इंग्रज वास्तुविशारदाच्या योजनेप्रमाणें गॉथिक धाटणीच्या ह्या इमारतीचा विस्तार झाला.

१९०३ मध्यें नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि साध्या चर्चचें कॅथीड्रल, म्हणजे बिशपच्या आसनाचें स्थान, बनलें. (छोटानागपूरचा धर्मप्रांत १८९० चा आणि रांचीकडचा, नांवाच्या साम्यामुळें घोटाळा होतो.) पहिले बिशप आयर चॅटर्टन हे हजारीबागच्या मिशनमधून आलेले. त्यांनीं १९१६ सालीं गोंडवनाचा इतिहास इंग्रजींत प्रसिद्ध केला. ज्या गोंड राजांनीं नागपूर वसविलें, त्यांच्याकडे आपले मराठी लेखक त्या काळीं फारसे वळत नव्हते, हें कबूल केलें पाहिजे. तरीहि आपल्या घरांतून नांव निघे तें बिशपांचें नव्हे, तर स्कॉटिश मिशनरी हिस्लॉप ह्यांचें. शाळा-कॉलेजाच्या दारानें आलेला मिशनरी आपल्या ओळखीचा झाला. कॅथीड्रल कलेक्टर-कमिशनरांचेंच राहिलें.

हें नातें सरकारनेंच प्रथम सैल केलें. १९२७ च्या कायद्याप्रमाणें १९३० पासून हिंदुस्थानांतील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून वेगळें झालें. १९४७ च्या सप्टेंबरांत मद्रासेस दक्षिणेकडील निरनिराळे पंथ एकत्र आले. उत्तरेचा योग मात्र तेवीस वर्षांनीं, २९ नोव्हेंबर १९७० रोजीं, ह्याच कॅथीड्रलच्या आवारांत जुळून आला. अँग्लिकन, काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन ह्यांची आधींच जुळलेली संयुक्त मंडळी, मेथॉडिस्टांचा एक विभाग, बॅप्टिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्स अशा सहा मंडळ्यांनीं आपापलीं नांवें सोडून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' हें एक नांव घेतलें. साहेबांनीं स्वतःपुरतें बांधलेलें देऊळ त्या दिवसापासून अँग्लिकनहि राहिलें नाहीं. तें बांधणाऱ्यांच्या पंथाचें नांव तेथेंच, त्यांच्याच अंगणांत, उतरविण्यांत आलें.

त्या विद्यार्थ्याला मीं हें सारें पुढच्या तासाला सांगितलें. त्यानें एवढेंच विचारलें, "आंत जाऊं देतात का?" येत्या रविवारीं आम्ही दोघे जाणार आहोंत.